हजर सभासद: एक

माणसं गावी परत आणायची तर प्रेमाबिमाने काही होत नाही, त्याला कायदाच लागतो, असं येर्कोचं ठाम मत होतं. हे मत तो जो सापडेल त्याला ऐकवायचा. सापडायचा एकटा पाश्को. पाश्को डोंगरावरच्या वाडीत राहायचा, मासे धरायचा आणि मंगळवारी-शुक्रवारी चारशे पायऱ्या उतरून येर्कोला मासळी आणि पाव आणून द्यायचा.

"आईबाप अंथरुणाला खिळले तेव्हा आले नाहीत," येर्को म्हणाला. "संत रोकोच्या सणाला येतात ते पोहायला. पण आता वर्षातून चार वेळा येतील. तसं कलमच आहे."

"कलम बोटीचं तिकीट काढून देतं का?" पाश्कोने विचारलं.

"तुला कायद्यातलं काही कळत नाही," येर्को म्हणाला आणि मासे आत घेऊन गेला.

स्मोक्विना या बेटावरच्या गावात खाडीच्या काठाने एक्केचाळीस घरं होती. ऑक्टोबर ते जून त्यातल्या एकाच धुराड्यातून धूर निघायचा, तो येर्कोच्या. एकतीस वर्षं तो गावचा पोस्टमास्तर होता. पत्रं यायची थांबली नव्हती, घ्यायला कोणी उरलं नाही म्हणून पोस्ट बंद झालं. गावातल्या प्रत्येकाचं अक्षर आणि प्रत्येकाचा स्वभाव त्याला तोंडपाठ होता. कोण कुणाला काय लिहितं हेही ठाऊक होतं. पोस्टकार्डं उघडीच असतात, त्याला तो बिचारा काय करणार.

तर झालं असं, की सरकारने नवा कायदा केला. शेजाऱ्याशेजाऱ्यांनी मंडळ काढावं, एका छपरावर सोलर पॅनेल बसवावीत आणि वीज आपसात वाटून घ्यावी. अटी मोजक्याच होत्या. सभासद निदान पाच हवेत. सगळ्यांचे मीटर एकाच ट्रान्सफॉर्मरवर हवेत. दर तीन महिन्यांनी गावातच सर्वसाधारण सभा व्हायला हवी आणि तिचं इतिवृत्त राजधानीतल्या नियामक कार्यालयात पोचायला हवं. यातलं काही चुकलं की परवाना रद्द, पॅनेलांची तार कापली जाणार.

वरच्या वाडीत अकरा जिवंत माणसं होती आणि अकराही यायला तयार होती. पण त्यांची वीज दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून यायची.

"म्हणजे मी आठवड्यातून दोनदा तुझ्या दारात उभा असतो, तो मी तुझा शेजारी नाही," पाश्को म्हणाला, "आणि ती फिलोमेना ऑस्ट्रेलियात पाव भाजत बसलीय, ती शेजारीण?"

"ट्रान्सफॉर्मरच्या दृष्टीने," येर्को म्हणाला.

ऑगस्टात, सगळे पोहायला आले होते तेव्हा, येर्कोने डाव साधला. जुन्या शाळेच्या आवारात मासे भाजले, स्वतःच्या द्राक्षांची वाइन काढली आणि चौघांच्या सह्या घेतल्या. पहिला तोन्ची. हा स्टुटगार्टात ट्राम चालवून निवृत्त झालेला, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. दुसरा प्रॉस्पर, झाग्रेबमधला दातांचा डॉक्टर, गोड बोलणारा, कुणालाच न दुखावणारा. तिसरी फिलोमेना. तिची पर्थला मुलांबरोबर बेकरी होती आणि ती सहा वर्षांनी आली होती. येर्को आणि ती शाळेत एका बाकावर बसायचे. बाकाबद्दल एवढंच, कारण पुढे काही झालंच नाही. आणि चौथी लुक्रेमावशी, वय वर्षं ब्याण्णव, मुक्काम स्प्लिटचा वृद्धाश्रम. तिला भाच्याने एका दिवसापुरतं बोटीने आणलं होतं. कागदावर सही करताना ती म्हणाली, "माझा विरोध आहे." कशाला, ते तिने सांगितलं नाही.

सह्या झाल्यावर तोन्ची म्हणाला, "आणि हे बघ येर्को, अडीअडचणीला असावं म्हणून आम्ही तुला मुखत्यारपत्रंही देऊन ठेवतो. आमच्या वतीने बोल, मत दे, काय हवं ते कर." चौघांनीही ती लगेच दिली. एवढा विश्वास बघून येर्कोने सगळ्यांना आणखी वाइन ओतली. माणसं मुखत्यारपत्र कशासाठी देतात हे त्याला तेव्हा सुचलं नाही.

ऑक्टोबरात शाळेच्या छपरावर पॅनेल बसली. पहिली सभा नोव्हेंबरात. येर्कोने शाळेचा वर्ग झाडून काढला. खुर्च्या मांडल्या बारा, कारण पाचच मांडल्या तर वर्ग ओकाबोका दिसत होता. नियमाप्रमाणे सात दिवस आधी दारावर नोटीस लावली. ती वाऱ्याने दोनदा उडवली, त्याने तिसऱ्यांदा खिळे ठोकले. सहा जणांना पुरेल एवढं माशाचं कालवण केलं. सहावा पाश्को. सभासद नसला म्हणून त्याने जेवू नये असं काही कायद्यात नव्हतं.

अकराची बोट आली. तिच्यातून एक गॅसचा सिलिंडर उतरला.

मग फोनवर निरोप आले. तोन्चीचा गुडघा सुजला होता. प्रॉस्परच्या एका पेशंटची दाढ अडकली होती. फिलोमेनाच्या बेकरीत नाताळच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. लुक्रेमावशीचा काही निरोप नव्हता.

नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलं, की हजर असतील तेवढ्यांनी सभा चालवावी. येर्को घड्याळ समोर ठेवून अर्धा तास थांबला. मग उठून उभा राहिला, "सभा सुरू झाली असं मी जाहीर करतो," असं बारा खुर्च्यांना सांगितलं, हिशेबाचा कागद वाचला, मंजूर का असं विचारलं, हात वर केला आणि बसला. पाश्कोला तो सिलिंडर वर वाडीत न्यायचा होता, तो आलाच नाही. कालवण चार दिवस पुरलं.

इतिवृत्त पाठवलं. हजर सभासद एक, अनुपस्थित चार, हिशेब एकमताने मंजूर. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला.

"अध्यक्षमहोदय, मी नियामक कार्यालयातून मिर्ता बोलतेय. तुमच्या इतिवृत्तात सातवा रकाना रिकामा आहे. 'सभासदांनी मांडलेली मतं.'"

"बाई, सभासदांनी मतं मांडलीच नाहीत."

"तसं चालत नाही. रकाना रिकामा असला तर आमचा संगणक पुढे जात नाही."

"अहो, मी एकटाच होतो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "पण चौघांची मुखत्यारपत्रं तुमच्याकडे आहेत. म्हणजे कायद्याने तुम्ही पाच जण होतात. पाच जण अर्धा तास बसले आणि कुणी काही बोललंच नाही?"

"काय लिहू?"

"ते मी कसं सांगू? सभेत लोक जे बोलतात ते."

ही मिर्ता चांगल्या मनाची बाई असावी, दिवसाला असे चाळीस फोन करत असावी, आणि तिला एवढंच म्हणायचं असावं, की दोन ओळी खरडा आणि मला मोकळं करा. पण येर्कोने फोन ठेवला तो निराळ्याच तंद्रीत. सभेत लोक जे बोलतात ते. तोन्ची काय बोलला असता हे त्याला पक्कं ठाऊक होतं. फिलोमेनाने काय उत्तर दिलं असतं हेही. एकतीस वर्षं पोस्टकार्डं वाचलेला माणूस तो, त्याला विचार करावाच लागला नाही. त्याने सकाळी लिहायला घेतलं आणि जेवायचं विसरला.

"तोन्ची यांनी असं निदर्शनास आणलं," त्याने लिहिलं, "की शाळेलगतच्या सरूच्या झाडाची सावली हिवाळ्यात दुपारी दोननंतर पॅनेलांवर पडते, सबब झाड तोडावं. फिलोमेना यांनी ते झाड आपल्या आजोबांनी लावल्याची आठवण करून दिली. तोन्ची यांनी, आजोबांनी ते दुसऱ्याच्या जमिनीत लावल्याची आठवण करून दिली. प्रॉस्पर यांनी दोघांनाही अनुमोदन दिलं. लुक्रेमावशी यांनी सर्व मुद्द्यांना विरोध नोंदवला. कोणते मुद्दे असं विचारलं असता, पुढे येतील तेही, असं त्यांनी सांगितलं. झाडाचा विषय पुढील सभेवर ढकलण्यात आला. शेवटी फिलोमेना यांनी अध्यक्षांच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केलं."

शेवटचं वाक्य त्याने एकदा खोडलं, मग पुन्हा लिहिलं. अध्यक्षाच्या कामाबद्दल कुणी तरी समाधान व्यक्त करतंच, तशी पद्धतच असते.

इतिवृत्त तासाभरात मंजूर होऊन आलं. फेब्रुवारीच्या सभेच्या आधी मिर्ताचा आपण होऊन फोन आला. तारखेची आठवण करून दिली आणि जाता जाता म्हणाली, "आमच्याकडे कॉफीच्या वेळेत वाचलं सगळ्यांनी. झाडाचं काय होणार या वेळी?"

"सभा ठरवील," येर्को म्हणाला. पण त्या दिवशी तो गुणगुणत मासे साफ करत होता.

फेब्रुवारीत बारा खुर्च्या आणि येर्को पुन्हा बसले. इतिवृत्त चार पानी झालं. तोन्चीने जमिनीचे जुने कागद असल्याचा दावा केला. फिलोमेनाने त्याला विचारलं, की तुझ्या वडिलांनी आमच्या आजोबांची गाढवी नेली ती कुठल्या कागदाने नेली. प्रॉस्परने वातावरण शांत करायला दातांची काळजी कशी घ्यावी हे सांगितलं. मावशीचा विरोध होता. फिलोमेनाने विशेष समाधान व्यक्त केलं. लिहिता लिहिता येर्को एवढा हसला, की दाराशी पाश्को टोपली घेऊन उभा राहिला आणि आत कोण आलंय म्हणून डोकावला.

"कोण होतं?"

"कोणी नाही. सभा होती."

पाश्कोने बारा खुर्च्यांकडे बघितलं, येर्कोकडे बघितलं आणि पाव टेबलावर ठेवला. "माझ्याकडे जेवायला चल," तो म्हणाला. येर्कोला त्या दिवशी वेळ नव्हता, इतिवृत्त अर्धवट होतं.

तो हिवाळा लांबला. तीन आठवडे वाऱ्याने बोट आली नाही. मे महिन्याच्या सभेपर्यंत येर्कोच्या मनात इतकं साचलं होतं, की सातवा रकाना नऊ पानं झाला. त्यात लुक्रेमावशीने पहिल्यांदाच भाषण केलं. झाड तोडायला विरोध, कारण घाटावरून बोट दिसायच्या आधी ती त्या झाडाखालून दिसते. माझे तिन्ही भाऊ त्या झाडाखाली उभे राहून बोटीची वाट बघत होते आणि त्याच बोटीने गेले. पुढे कुणी परत येणार असेल तर त्याची वाट बघायलाही सावली लागेल. इतकं बोलून मावशी खाली बसल्या. नंतर फिलोमेना यांनी सांगितलं, की अध्यक्ष गावात राहतात म्हणून आपल्याला लांब असूनही गाव आहे असं वाटतं.

हे पाठवलं आणि येर्को निवांत झोपला.

आठवड्याने मिर्ताचा फोन आला. या वेळी तिचा आवाज निराळा होता. "अध्यक्षमहोदय" न म्हणता ती बेटावरची माणसं वडीलधाऱ्या काकांना म्हणतात तसं "बार्बा येर्को" म्हणाली, तिथेच त्याला शंका आली.

"बार्बा येर्को, तुमच्या त्या लुक्रेमावशी."

"त्यांचा विरोध आहे," येर्को म्हणाला. "मी लिहिलंय."

"हो, अकरा ओळी. सभा दहा मेला झाली ना?"

"दहा मेला."

"आमचा संगणक मृत्यूच्या नोंदवहीला जोडलाय. त्यात त्या एकोणीस एप्रिलला गेल्याची नोंद आहे."

खिडकीतून मावशीचं घर दिसत होतं, निळं दार, दाराला बाहेरून लावलेली कडी. भाच्याने कळवलं नव्हतं. भाच्याने तरी कुणाला कळवायचं, गावात कोणी राहतं हे त्याच्या ध्यानात असेलच असं नाही.

"बार्बा, ऐकताय ना?"

"चार आठवडे," येर्को म्हणाला. "माझी मेणबत्तीसुद्धा लावायची राहिली."

मिर्ता म्हणाली, की मला हे सांगायला फार जड जातंय, पण सांगावं लागेल. गेलेल्या माणसाचं मुखत्यारपत्र संपतं. गेलेल्या माणसाने सभेत बोलणं ही गंभीर अनियमितता धरली जाते. सभासद आता चारच राहिले. तीस दिवसांत पाचवा आणला नाही, तर पॅनेलांची तार कापायला माणसं येतील. आणि नियमाप्रमाणे तिन्ही इतिवृत्तं उरलेल्या सभासदांना आपोआप गेली आहेत. आपल्या नावावरचं प्रत्येक वाक्य आपलंच आहे का, हे त्यांनी पंधरा दिवसांत कळवायचंय.

"सगळं?" येर्कोने विचारलं. "समाधानाचंसुद्धा?"

"सगळं."

येर्को आयुष्यात कधी एवढा घाबरला नव्हता. तार कापली गेली असती तर त्याने रॉकेलचा दिवा लावून दिवस काढले असते. पण फिलोमेना पर्थला बेकरीत पीठ लागल्या हातांनी ती ओळ वाचतेय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. दोन दिवस त्याने फोन उशीखाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी उचलावाच लागला. तोन्ची होता.

"लाज नाही वाटत तुला?" तोन्ची स्टुटगार्टहून गरजला.

"चुकलं, तोन्ची. मी रकाना भरायचा म्हणून..."

"तीन सभा झाल्या. तीनही सभांत ती बाई मला गप्प करते. एकदाही मी जिंकू नये? गाढवीचं तिने काढलं तेव्हा मी काय उत्तर दिलं? काही नाही. 'तोन्ची यांनी पाणी मागितलं.' मी पाणी मागितलं?"

"मग काय लिहायला हवं होतं?"

"गाढवी आजारी होती, आम्ही ती सांभाळायला नेली, असं मी तिला ऐकवलं असतं."

"पुढच्या वेळी घालतो," येर्को म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पुढची वेळ नाही.

प्रॉस्परचा फोन संध्याकाळी आला. तो रागावत नाही, पण या वेळी त्याचा स्वर जरा दुखावलेला होता. "येर्को, नऊ पानांत मी फक्त अनुमोदनच देतो. बायकोने वाचलं आणि म्हणाली, अगदी तूच आहेस. तेव्हापासून घरात कोणी माझ्याशी बोलत नाहीये."

फिलोमेनाचं उत्तर पंधराव्या दिवशी आलं, ईमेलने, चार ओळींचं. येर्कोने ते आधी दुरून वाचलं, मग चष्मा लावून.

"येर्को, मला तुझं वाचून हसू आलं. माझं सगळं बरोबर म्हणून कळवलंय, समाधानाचंही राहू दे. पण हे झाड कुठलं? मला शाळेजवळ झाड आठवत नाही. वीज कमी पडत असेल तर तोडून टाक. मुलं बरी आहेत."

येर्को ईमेल बंद करून बाहेर गेला. सरू होता तिथेच होता. आजोबांनी लावल्याचं फिलोमेनाने स्वतः सांगितलं होतं, तिसरीत, बाकावर. की तेही त्यानेच कधी लिहून ठेवलं होतं? त्या दिवशी त्याला नक्की सांगता येईना, आणि विचारायला गावात दुसरं कोणी नव्हतं.

पाचव्या सभासदाची गोष्ट मात्र सोपी निघाली. मावशीचं घर भाच्याकडे, दुयेकडे आलं होतं. त्याने फोनवर लगेच होकार दिला. "सही कुठे करायची सांगा. घर कुठलं, निळ्या दाराचं की त्याच्या पलीकडचं?"

"निळ्या दाराचं," येर्को म्हणाला.

कार्यालयाने जूनमध्ये खास सभा घ्यायला लावली. सभासद संगणकाच्या पडद्यावरून हजर राहिले तरी चालेल, अशी सवलत दिली आणि देखरेखीला अधिकारी प्रत्यक्ष येईल, असं कळवलं.

अधिकारी म्हणजे मिर्ता. सहा तासांचा प्रवास करून ती अकराच्या बोटीने उतरली. पंचेचाळिशीची बाई, पाठीला पिशवी, चेहरा बोट लागल्याने पांढराफटक. येर्को सकाळी आठपासून घाटावर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तुम्ही बार्बा येर्को?"

"दुसरं कोण असणार?" तो म्हणाला, आणि तिला हसू आलं.

शाळेत मास्तरांच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. एकेक चेहरा उमटला. तोन्चीचा फक्त कपाळाचा भाग. प्रॉस्पर दवाखान्यात, मागे खुर्चीवर कुणाचा तरी तोंड उघडा पेशंट. दुये गाडीत. फिलोमेनाच्या मागे पर्थची संध्याकाळ आणि पावांनी भरलेल्या मांडण्या. तिने हात हलवला. येर्कोनेही हलवला. मंडळ निघाल्यापासून सभेला पाचही जण पहिल्यांदाच खरोखर एकत्र आले होते, आणि येर्कोने रात्री बसून चार विषय काढून ठेवले होते. गाढवीचाही घेतला होता, तोन्चीला संधी मिळावी म्हणून.

"हिशेब मंजूर?" चार हात वर.

"नवे सभासद मंजूर?" चार हात. दुयेनेही केला, त्याला नाही म्हणून सांगावं लागलं.

"गाढवीसंबंधी कुणाला काही..."

"कुठली गाढवी?" दुये म्हणाला.

"अरे, सोड ना येर्को, मला डॉक्टरकडे जायचंय," तोन्चीचं कपाळ म्हणालं.

"शाळेलगतचं सरूचं झाड तोडावं," येर्कोने वाचलं. "अनुकूल?" चौघांचे हात वर झाले. प्रॉस्परने दोन केले. "प्रतिकूल?" येर्कोने एकट्याने हात वर केला आणि तसाच ठेवला. चर्चा होईल अशी वाट बघत होता. कुणी बोललं नाही.

"कारण नोंदवायचं का?" मिर्ताने विचारलं.

"सक्तीचं आहे?"

"ऐच्छिक आहे."

"मग राहू दे."

"सगळ्यांना भेटून बरं वाटलं," प्रॉस्पर म्हणाला. चेहरे एकेक करून विझले. फिलोमेनाचा शेवटी. ती काही तरी म्हणाली, ओठ हलले, पण तिचा आवाज बंद होता आणि तो चालू करायचं तिला सुचलं नाही. सभा अकरा मिनिटं चालली.

मिर्ताने लॅपटॉप मिटला. बारा खुर्च्यांवर तिची नजर फिरली. "आमच्या कार्यालयात," ती हळूच म्हणाली, "पाच-सहा जणांना वाईट वाटलं हो, ते नऊ पानी बंद झालं म्हणून."

येर्कोने घरी नेऊन तिला जेवायला वाढलं. पाश्कोने सकाळीच मोठा मासा आणून दिला होता. तो निखाऱ्यावर भाजला, बरोबर बटाटे घातलेली पालेभाजी. बोट लागल्यामुळे तिला भूक नव्हती, तरी तिने दोनदा घेतलं. बोलली मोजकंच. नवरा दुसऱ्या शहरात असतो, मुलगी शिकायला गेली, ऑफिसात चाळीस फोन. येर्को ऐकत होता, पाव पुढे सरकवत होता. दोन चाळीसच्या बोटीने तिला जायचं होतं.

"सप्टेंबरच्या सभेला येणार ना?" त्याने विचारलं.

"नाही बार्बा, आता गरज नाही. तुमचं सगळं नियमित झालं. आम्ही अनियमित मंडळांकडेच जातो."

"असं."

येर्कोने टेबलावरचे पावाचे कण गोळा केले. मग म्हणाला, "सहज विचारतो हं. अनियमितता म्हणजे नेमकं काय काय धरतात? म्हणजे, गेलेलं माणूस वगैरे सोडून. काही लहानसहान."

मिर्ताने मान वर केली आणि त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. "इतिवृत्ताला उशीर," ती म्हणाली. "पंधरा दिवसांच्या वर."

"पंधरा."

"पंधरा," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावली.

झाड ऑगस्टात तोडलं. सप्टेंबरची सभा पडद्यावर झाली, नऊ मिनिटं. इतिवृत्त एका परिच्छेदाचं होतं, ते येर्कोने त्याच दिवशी लिहिलं आणि कपाटात ठेवलं. सोळाव्या दिवशी पाठवलं. पुढच्या मंगळवारी पाश्कोकडून सगळ्यांत मोठा मासा घेतला, शर्टाला इस्त्री केली आणि अकराच्या बोटीला घाटावर जाऊन उभा राहिला. बोटीतून सिमेंटची पोती उतरली. बोट गेली तरी तो जरा वेळ उभा होता, कारण कधी कधी माणूस मागून उतरतं.

घरी आला तर ईमेल येऊन पडलं होतं. "आपला विलंब क्षमापित करण्यात येत आहे. प्रत्यक्ष भेटीची आवश्यकता नाही."

दुपारी फोन वाजला.

"बार्बा, काय केलंत हे?" मिर्ता दबक्या आवाजात बोलत होती, बहुधा ऑफिसात कोणी जवळ असावं. "जुलैत नियम बदलला. आता तीस दिवसांपर्यंत संगणकच माफ करतो. मला फाइल मिळालीच नाही. एकतिसावा दिवस गाठायला हवा होता."

"मला कसं कळणार?"

"विचारायचं ना."

"तसं कसं विचारायचं," येर्को म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

तिने तब्येत विचारली, त्याने तिची विचारली, मग दुसरा फोन वाजला म्हणून तिने ठेवला. येर्कोने निखारे पेटवले. मासा दोन माणसांचा होता, त्याला तो गुरुवारपर्यंत पुरला.